बटनांचं घड्याळ

रशीदचाचांचा फोन आला तेव्हा मी गवारी मोडत बसले होते. राम राम न्हाय की सलाम न्हाय, थेट म्हणाले, "दुकान बंद करतोय बाई. मास्तरांचं घड्याळ असलं तर घेऊन ये. माझ्यामागं कोल्हापुरात त्याच्या पोटात हात घालणारा कोण उरत न्हाय." आणि ठेवला फोन. कोल्हापूरचा माणूस, गोड बोलायचं त्याच्या अगदी जिवावर येतं.

मास्तर म्हणजे माझे वडील, आण्णा. हायस्कूलात ड्रिल शिकवायचे आणि फुटबॉलचा सीझन आला की पंच म्हणून मैदानात उतरायचे. त्यांचं घड्याळ माझ्या कपाटात असतं, साड्यांच्या मागं, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, त्यांच्याच रुमालात गुंडाळून. आण्णा गेले त्याला दहाबारा वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत त्या डब्याला मी कुणाला हात लावू दिलेला नाही. भाऊ पुण्याहून येतो, त्यालाही नाही. आणि आईला तर ते घरात आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. ते का, ते सांगते.

पापाच्या तिकटीच्या चौकाकडनं आत वळलं की बांगड्यांच्या दुकानाशेजारी चाचांचं दुकान. दुकान कसलं, भिंतीतलं कपाटच ते. चाचा आत बसले की भरलं. लहानपणी आण्णांचं बोट धरून इथं यायचे तेव्हा आधी पेट्रोलचा वास यायचा, मग चाचांच्या कानातल्या अत्तराच्या फायाचा, आणि मग भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांची टकटक, एकाची दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. परवा गेले तर टकटक नव्हती. घड्याळं उतरवलेली, आणि त्यांच्या जागी भिंतीवर नुसते गोल, आजूबाजूच्या रंगापेक्षा उजळ. चाचा म्हणाले, "बस की. भिंतीकडं काय बघतीस, मेलो न्हाय मी अजून."

डोळ्याला भिंग लावून त्यांनी घड्याळ तळहातावर घेतलं आणि उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाले, "काय चीज हाय बाई."

आहेच ते तसं. हल्लीच्या ताटलीएवढ्या घड्याळांपुढं लहानखुरं दिसेल, पण हातात घेतलं की वजन कळतं. तबकडी मुळात सायीच्या रंगाची, आता कडेकडेनं गुळाच्या रंगावर गेलेली. आकड्यांशेजारचे ठिपके पूर्वी अंधारात हिरवे दिसायचे, ते आता मेथीच्या दाण्यासारखे पिवळे. पोटात दोन छोट्या तबकड्या, डावीकडं सेकंदांची, उजवीकडं मिनिटांची. आणि कुशीला चावीच्या वर एक, खाली एक, अशी दोन बटनं. पेठेत त्याला क्रोनोग्राफ कुणीच म्हटलं नाही. मास्तरांचं बटनांचं घड्याळ, एवढंच.

"साध्या घड्याळात एकच घड्याळ असतंय," चाचा आण्णांना सांगायचे, "ह्याच्यात दोन हायत." एक आपलं रोजचं, न विचारता चालणारं. दुसरं झोपलेलं असतं. वरचं बटन दाबलं की मधला लांब बारीक काटा उठून चालायला लागतो, पुन्हा दाबलं की असेल तिथं थांबतो, आणि खालचं दाबलं की उडी मारून शून्यावर. अख्ख्या दिवसातला तुम्हाला हवा तेवढाच तुकडा धरायचा, बघायचा, नको झाला की सोडून द्यायचा. जगभरची शहाणी माणसं असल्या घड्याळांपायी वेडी होतात म्हणे. मला त्यात नवल वाटत नाही.

आण्णांनी धरलेला शेवटचा तुकडा त्यात तसाच आहे. लांब काटा चारच्या आकड्यापाशी थांबलेला, आणि मिनिटांचा छोटा काटा दोनाच्या पुढं.

"चावी फिरत न्हाय," चाचा म्हणाले. "तेल वाळून डिंक झालंय आत. आता खोललं तर वाचंल, आणखी राहिलं तर चाकं खाईल. आधी काटे काढावे लागत्यात. हा कुणीतरी मधीच थांबवलाय, शून्यावर घेतो." आणि त्यांचा अंगठा खालच्या बटनाकडं गेला.

"चाचा, थांबा." मी अशी ओरडले की शेजारचा बांगडीवाला डोकावला.

चाचांनी भिंग काढलं. "काय झालं?"

"तो काटा तसाच राहू दे."

"तसाच कसा ऱ्हाईल? काटा काढल्यावर तो माझ्या चिमट्यात असणार, घड्याळात न्हाय. फोटो मारून ठेव की मोबाइलवर."

"काढलाय."

"मग?"

चाचांनी घड्याळ रुमालात ठेवलं आणि माझ्यापुढं सरकवलं. "रविवारपतूर हाय मी. नंतर पोराकडं राधानगरीला. तिथं निस्ता पाऊस आन् म्हशी, घड्याळ कोण बघतंय. काय ते ठरीव." मग बाहेर वाकून चहा सांगितला, आणि मी उठायचं सोडून तिथंच स्टुलावर बसून राहिले.

ती माघातली दुपार होती. मी बँकेत. आण्णा आमच्या गच्चीवर खाटेवर ऊन खात बसलेले, आणि तिथंच बसल्या बसल्या गेले. भाऊ त्या आठवड्यात घरी आला होता, पण त्या वेळी गावात गेलेला. त्यानं त्यांच्या मनगटावरचं घड्याळ उतरवलं, आणि सगळं पार पडल्यावर मला बाजूला घेऊन दाखवलं. तबकडीवर आतल्या बाजूला लाल आकड्यांची एक पट्टी आहे, नाडी मोजायची. भाऊ म्हणाला, "आण्णा नाडी बघत होते. छातीत काही वाटलं असणार. एकदा बघून पटलं नसेल म्हणून पुन्हापुन्हा बघितली असेल. दोन मिनिटांवर." मी त्याच्या कानफटात द्यायची तेवढी राहिले. पण वाक्य आत गेलं ते गेलंच. आण्णा एकटे, हाताशी कुणी नाही, स्वतःचं मनगट धरून बसलेत, नाडी लागत नाही, आणि कुणाला हाक मारत नाहीत. आईला हे कळू द्यायचं नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर आमच्या दोघा भावंडांचं आयुष्यात एकमत झालं. म्हणून तो डबा साड्यांच्या मागं गेला. मी कधीतरी तो उघडायचे, त्या दोन काट्यांकडं बघायचे आणि बंद करायचे. भीती वाटायची बघून. पण शून्यावर आणायचा धीर झाला नाही, कारण भीतीची का असेना, आण्णांची ती शेवटची दोन मिनिटं होती, आणि दुसरं कुणी ती बघितलेली नव्हती.

चहा आला. चाचांनी त्यांचा बशीत ओतला. घड्याळ रुमालावर पडलेलं, आणि त्याच्या पट्ट्याचा वास आला मला.

तो पट्टा काही मूळचा नव्हे. मूळचा कधीच तुटला. आण्णांनी चपलांच्या दुकानांच्या ओळीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून चपलेच्याच कातड्याचा करून घेतला होता. नवा होता तेव्हा करकरायचा. आण्णांनी शिट्टी फुंकताना घड्याळाचा हात वर केला की आधी पट्टा वाजायचा. त्याला खोबरेल तेल चोळायचं काम माझं. कातडं, तेल, खडूची भुकटी आणि मैदानावरचा घाम, असा सगळा मिळून एक वास होता तो. आण्णांचा असा वेगळा वास मला आठवतच नाही.

थंडी सरता सरता सीझन भरात यायचा. दोन पेठांची मॅच म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सकाळपासून घराघरातनं भाकरी लवकर उरकायच्या, गल्ली ओस, आणि मैदानात माणसावर माणूस. आम्ही बायका-पोरी एका कोपऱ्यात पायऱ्यांवर. शेंगांची टरफलं, हलगी, लाल माती, आणि मध्ये आमचे आण्णा, पांढरीशुभ्र हाफपँट, काळा शर्ट, मनगटावर ते घड्याळ. शिट्टी वाजली की डाव्या हातावरचं वरचं बटन. घड्याळातली मिनिटांची तबकडी अर्ध्या तासाचीच, आणि हाफ त्याहून मोठा. मग छोटा काटा पुरा फिरून आला की आण्णा शिट्टी उजव्या हातातनं डाव्यात घ्यायचे, म्हणजे एक फेरा झाला हे लक्षात. हे गुपित पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिट्टी डाव्या हातात गेली की अख्खं मैदान ओरडायला लागायचं.

हरलेल्या पेठेला नेहमीच वाटायचं की मास्तरांनी वेळ खाल्ली. "ए मास्तर, घड्याळ इकून खाल्लंस काय?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की मला ती शिवी वाटतच नाही. आण्णांचा एक नेम होता. हाफ संपला की काटा थांबवायचा, आणि दोन्ही बाजूच्या कॅप्टनांना बोलावून तबकडी डोळ्यांपुढं धरायची. दोघांनी बघितल्याशिवाय शून्यावर आणायचं नाही. कितीही घाई असो, कितीही दंगा होवो. एकदा एक कॅप्टन रागानं निघून गेला, तर आण्णा संध्याकाळी तसाच थांबलेला काटा घेऊन त्याच्या दारात. तो जेवत होता. त्याच्या ताटाशेजारी घड्याळ धरलं, त्यानं बघितलं, मान हलवली, त्याच्या आईनं आण्णांनाही तांबडा रस्सा वाढला. एवढं करून घरी येऊन म्हणतात कसे, "मीठ जरा कमी होतं."

घड्याळ आण्णांकडं आलं गगनबावड्याकडच्या एका सुभेदाराकडून. लढाईतनं परत येताना त्यानं कुठल्याशा बंदरात घेतलेलं. त्यानं ते आण्णांना विकलं की नुसतंच दिलं, ते मी कधी विचारलं नाही. पण बाहेरच्या बाजूची निळी आकड्यांची कड कशासाठी ते त्यानंच सांगितलेलं. लांबवर तोफेचा जाळ दिसला की बटन दाबायचं, आवाज आला की परत दाबायचं, काटा थांबेल तो आकडा म्हणजे मधले किलोमीटर. माणसं मारायला केलेली सोय. आमच्या घरात तिचा उपयोग कुरडयांना झाला.

वैशाखात गच्चीभर कुरडया, सांडगे, लाल मिरच्या पसरलेल्या. चारच्या सुमाराला पन्हाळ्याच्या अंगाला आभाळ काळं व्हायचं. वीज चमकली की आण्णांचं बटन. आम्ही सगळे श्वास धरून. मिरचीचा खाट नाकात, कुणी शिंकायचं नाही. गडगड ऐकू आली की टक. आण्णा वाकून निळी कड वाचायचे. "जोतिबाच्या अंगाला हाय. वाळू देत." मग पुन्हा चमक, पुन्हा टक. "केर्ली." आणखी थोड्या वेळानं, "वडणग्यात आलं गं, उचला." आणि आमची पळापळ. वळीव आमच्या दारात येईपर्यंत आम्हाला त्याचे सगळे थांबे पाठ असायचे, एसटीचे असावेत तसे.

आईचं माहेर कोडोली. तिकडं चमकलं की आई हातातलं टाकून कठड्याशी यायची. आण्णा बटन दाबायचे. काटा फिरत फिरत पुरा वेढा घालून यायचा, आवाज काही यायचा नाही. तेवढ्या लांबून येतच नाही तो. आई तरी कान देऊन उभी. आण्णा तो काटा लगेच थांबवत नसत. बराच वेळ चालू ठेवायचे, आणि मग आपलं हळूच म्हणायचे, "आवाज न्हाय आला, म्हंजे तुझ्याकडंच पडला." त्या दिवशी संध्याकाळी स्वैपाकघरातनं आईची गुणगुण ऐकू यायची. मला हे सगळं आता इतकं हवंसं वाटतं की सांगता येत नाही. पाऊस आजही येतो. मोबाइल आधीच सांगून ठेवतो, आणि कुरडया आम्ही विकत आणतो.

दिवाळीच्या पाडव्याला गवळी लोक म्हशी पळवतात आमच्याकडं. शिंगं रंगवलेली, अंगावर मोरपिसं, आणि पुढं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल. त्या फटफटीमागं म्हैस जी सुटते ती बघायची. गवळ्यांना आण्णाच लागायचे. "मास्तर, बटन घेऊन या." म्हशीची वेळ काढून काय करायचं होतं त्यांना कुणास ठाऊक, पण निकाल सांगितला की मालक म्हशीच्या गळ्यात पडायचा.

आणि खंडेनवमीला घड्याळाची पूजा. पाटावर आण्णांची शिट्टी, आईची विळी, भावाचा कंपास आणि मध्ये घड्याळ. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी, म्हणून आण्णा चावी द्यायचे नाहीत. संध्याकाळी कधीतरी ते आपोआप थांबायचं, आणि घर एकदम शांत वाटायचं. आई सगळ्यांना हळद-कुंकू लावायची, तशी घड्याळालाही चिमूट. दरसाल ते कुंकू बटनाच्या फटीत जाऊन बसायचं, आणि दसरा झाला की आम्ही चाचांच्या दुकानात. "मास्तर, घड्याळाला कुंकू लावू नका हो, अडकतंय." आण्णा म्हणायचे, "मला काय सांगतोस, तिला सांग." आईला सांगायची चाचांची काय टाप होती.

ताप आला की तीच लाल पट्टी. आण्णा उशाशी बसून माझं मनगट धरायचे. त्यांचा अंगठा जाड, खरखरीत. ओठ हलायचे, आवाज नाही. मग टक. "चांगली हाय. झोप." नाडी चांगली असो नसो, ते तसंच म्हणत असणार. पण मला त्या टकचा एवढा भरवसा होता की ताप तिथंच उतरायला लागायचा. म्हणूनच तर भावाचं बोलणं मला झोंबलं. आमची नाडी बघायला आण्णा होते. त्यांची बघायला त्यांनाच बसावं लागलं.

चाचांनी बशी खाली ठेवली. "पुण्याच्या, मुंबईच्या पोरांचे फोटो येत्यात मला," ते म्हणाले. "चाचा असलं हाय का, तसलं हाय का. बॅटरीची घड्याळं आली तवा तिकडं स्वित्झर्लंडात एकेक कारखाना बसला. हे करणारी कंपनी कवाच गेली. त्या टायमाला लोकांनी अडगळीत टाकली ही घड्याळं, आन् आता हुडकत फिरत्यात. पॉलिश केल्यालं नको म्हणत्यात. ओरखडे तसेच पायजेत."

"ओरखड्यांचं काय करायचंय त्यांना?"

"ते त्यास्नीच इचार." मग घड्याळाकडं बघून म्हणाले, "ह्याच्या फटीत अजून कुंकू हाय बघ, तुझ्या आईचं."

मी घड्याळ पर्समध्ये टाकलं आणि निघाले. रविवारला अजून अवकाश होता, पण माझं काही ठरत नव्हतं. खोललं तर आण्णांची ती दोन मिनिटं जाणार. नाही खोललं तर घड्याळच जाणार. असल्या वेळी आण्णांना विचारायची सवय होती मला.

घरी आले तर दुपार कलली होती. आई झोपली असेल असं वाटलं. मी टेबलावर रुमाल उलगडला, घड्याळ समोर ठेवलं आणि बघत बसले. काठीचा आवाज आला नाही, कारण आई घरात काठी वापरतच नाही, भिंत धरून येते. एकदम मागून म्हणाली, "हे कुठं हुतं गं?"

दडवायला वेळच नव्हता. "माझ्या कपाटात."

"आन् मी म्हटलं, त्येंच्यासंगंच गेलं." तिनं खुर्ची ओढली, बसली, घड्याळ उचललं आणि चष्मा नसल्यामुळं लांब धरून बघायला लागली. अंगठा बटनावर.

"आई, बटनाला हात लावू नको."

"का? फुटतंय व्हय?"

मला रडू आलं. साठी ओलांडलेली बाई मी, पोर असल्यासारखी टेबलावर डोकं टेकून रडले. आणि मग सगळं सांगून टाकलं. काटा कुठं थांबलाय, लाल पट्टी कशाची, भाऊ काय म्हणाला, आम्ही तिच्यापासून का लपवलं, सगळं. आता ऐकून हिचं काय होईल ह्या भीतीनं मी तिचा हात धरून ठेवला होता.

आईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "नाडी कुठली? तुझं आण्णा मला मोजत हुतं."

"तुला?"

"माझा गुडघा धरला न्हवता का त्या साली? डॉक्टरनं सांगितल्यालं, रोज जिना चढा-उतरा. मी कशाला चढतीय. मग त्येंनी हा उद्योग काढला. चार वाजलं की वर जाऊन बसायचं आन् तिथनं हाक मारायचं, च्या आण गं. हाक मारली की बटन. मी वरच्या पायरीवर पाय ठिवला की बटन. रोज किती येळ लागतोय त्ये बघायचं."

"त्या दिवशी पण?"

"त्या दिवशी बी. वर गेले तर घड्याळ माझ्या तोंडापुढं धरलं. बघ म्हणालं, कालच्यापरास कमी लागला. गुडघा सुधारतोय तुझा. मी म्हटलं, सुधारतोय न्हवं, मग उद्यापास्नं खाली या च्या प्यायला." आईनं टेबलावरचा रुमाल सारखा केला. "मग पिलो दोघं. मी कपबशा घिऊन खाली आले, विसळून पालथ्या घातल्या. कापडं काढाय परत वर गेले तर..." तिनं हात नुसता हलवला.

इतकी वर्षं मी आण्णांना त्या गच्चीवर एकटं बसवून ठेवलं होतं, हाक न मारता. आणि त्यांनी हाक मारली होती. आई आली होती. ती दोन मिनिटं ती जिन्यात होती, हातात ट्रे, एकेक पायरी, त्यांच्याकडं येत.

"आई, मग तू कधी सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी इचारलं? तुमी दोघं कोपऱ्यात कुजबुजायचा. म्हटलं, काय तरी वाटणीचं असंल." मग तिनं घड्याळ कानाला लावलं. "बंद पडलंय. रशीद करंल की."

"करतो म्हणाले. पण आधी काटा शून्यावर आणावा लागेल."

"मग आण की."

मी बोट बटनावर ठेवलं. दाबवेना. आईनं घड्याळ माझ्या हातातनं काढून घेतलं, काच पदरानं पुसली आणि खालचं बटन दाबलं. हललं नाही. "घट झालंय," म्हणाली आणि दोन्ही अंगठे लावून पुन्हा दाबलं. टक झालं. दोन्ही काटे शून्यावर. आईनं घड्याळ रुमालात ठेवलं आणि रुमालाची घडी घातली.

"आत्ताच्या आत्ता देऊन ये जा. रविवारची वाट बगू नगंस. म्हातारा माणूस हाय, आज हाय, उद्या राधानगरीला."

मी चपला घातल्या. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. एवढं एकच विचारायचं राहिलं होतं.

"आई, त्या दिवशी आण्णा चहा पिले का गं, सगळा?"

"समदा," आई म्हणाली. "आन् माझ्या बशीतला बी."